तिसऱ्या ओळीतला माणूस

पावट्याच्या शेंगा सोलता सोलता मास्तरांनी उजव्या हाताची पाच बोटं एकेक करून मिटली, मग डाव्या हाताचा अंगठा माझ्या नाकापुढं धरला आणि म्हणाले, "एक जण राहिला की, भाऊ."

राहिलेला असायचा तो नेहमी सहावा. इटालियन भाषेत एक क्रियापद घेतलं की ते सहा जणांना वाढावं लागतं. मी, तू, तो, आपण, तुम्ही, ते. पंगतच म्हणा. मी पाच जणांना नीट वाढायचो आणि सहाव्याला उपाशी ठेवायचो. त्या दिवशी 'येणं' चाललं होतं, पुढं होणारं. वेर्रो, वेर्राई, वेर्रा... सहाव्यापाशी अडलो तशी मी चिडून हातातली शेंग अंगणात भिरकावली. मास्तर उठले, शेंग उचलून आणली, सोलली आणि दाणे माझ्याच सुपात टाकले.

मग वहीचं नवं पान काढून त्यांनी वर लिहिलं, 'हसणं'. खाली सहा रूपं लिहिली आणि प्रत्येकाच्या आधी जागा मोकळी सोडली. म्हणाले, "उद्या माणसं तुम्ही बसवा."

हे आमचं शेवटचं बसणं. पण मी हे शेवटापासून सांगायला लागलो. आधीचं सांगतो.

मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. फरश्या बनवायच्या यंत्रावर फिटर होते. कंपनीनं त्यांना इटलीला धाडलं, तिथं त्यांनी सहा वर्षं काढली. लग्न केलं नाही. म्हातारपणी गावात परत आले ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. पायजम्याला इस्त्री, आणि सकाळी एवढ्याशा किटलीत काळी कॉफी. मेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. पण लिहायचं तर खरं लिहावं. मला हा माणूस बघवत नव्हता.

कारण आमची ही.

आमचा मुलगा इटलीत गाईंच्या गोठ्यावर कामाला आहे. तिथलीच बायको केली. त्याला एक पोर झाली. मुलगा अंधारात गोठ्यावर जातो, पोर दिवसभर आईजवळ, मग मराठी येणार कुठून? दर रविवारी फोनवर तोंड दिसायचं, गोड हसायची, आणि बोलायची ते काही कळायचं नाही. मी म्हणालो, मोठी झाली की शिकेल. हिनं वाट बघितली नाही. एक दिवस वही घेतली आणि मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसली. सातवी शिकलेली बाई, साठी उलटलेली.

रोज दुपारी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मांजो, मांजी, मांजा. खातो, खातोस, खातो. मी इकडं खाटेवर पडलेला. पाढे म्हटल्यासारखी ही म्हणायची, मग मास्तरांचं "एक जण राहिला की, वहिनी," आणि मग दोघांचं हसणं. हिचं असं हसणं मी घरात किती वेळा ऐकलं होतं, ते तुम्ही मला विचारू नका.

एकदा भिंतीवरून डोकावलो. तिसरं रूप म्हणताना हिनं हनुवटी उचलून आमच्या दाराकडं केली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आपली टिंगल चाललीय. तसाच गेलो.

"घरी भाकऱ्या कोन टाकनार? दुपारपासून बसलीयस!"

"टाकून झाल्या. टोपलीत हायेत."

मास्तरांनी खुर्ची पुढं केली. "बसा भाऊ. कॉफी घेता?"

"ते काळं पानी तुमीच प्या," म्हणालो आणि आलो परत. निघताना बघतो तर काय, हीही तेच काळं पाणी पीत होती. घरच्या चहाला तीन चमचे साखर लागायची हिला.

रविवारी फोन आला की ही आता बोलायची. मी शेजारी मुंडी घालून बसायचो, तर अर्धीच मुंडी दिसायची. पोर काहीतरी विचारायची, ही म्हणायची, "नोन्नो मांजा." आणि पोर खिदळायची.

"माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"काय न्हाई. आजोबा जेवत्यात म्हटलं."

"अगं, मी कुटं जेवतोय? बसलोय की तुझ्याजवळ!"

"मला तेवढंच नीट येतंय. उगा वाकड्यात शिरू नका."

एका चतुर्थीला आम्ही तिघं लेण्याद्रीला गेलो. माझा गुडघा धरलेला, म्हणून मी खाली, चपला राखत. ही पायरीला एक रूप म्हणत चढली, मागं हिची पिशवी घेऊन मास्तर. मी खालून बघत होतो. लुगड्याचा हिरवा ठिपका आणि त्यामागं पांढरा ठिपका. चपलांचे तीन जोड आणि मी. खाली आली तेव्हा घामानं भिजलेली, पण तोंड नुसतं फुललेलं. "अवो, गणपतीपतुर झालेलं झालं, व्हनारं झालं, आन् मनातलं बी झालं!"

"मग मला कशाला आनलं? चपला राखायला?" मी म्हणालो.

मास्तर पिशवी माझ्याजवळ देत म्हणाले, "प्रसाद तुमच्यासाठी वेगळा बांधून घेतलाय वहिनींनी." मी तो खाल्ला नाही. म्हशीला घातला.

त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर ही गेली. ताप अंगावर काढला. दवाखान्यात नर्सनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? तर एवढ्या तापात हिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनाच इचारा." नर्स हसली. मी सांगितलं. माझं नाव हिनं शेवटचं ऐकलं ते असं, माझ्याच तोंडून.

तेराव्यानंतरच्या रविवारी फोन आला. पोरीनं मला काहीतरी विचारलं, 'नोन्ना' एवढं कळलं. म्हणजे आजी. मग ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्याजवळ एक शब्द नव्हता. मुलानं फोन घेतला. पुढच्या रविवारी फोन दोन मिनिटांत संपला. त्याच्या पुढच्या रविवारी आलाच नाही. तेव्हा मला कळलं, हिच्यामागं ही पोरपण चाललीय माझ्या हातातून.

मी हिची वही काढली. मराठी अक्षरात लिहिलेलं, म्हणून वाचता येत होतं. पान न् पान सहा ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या आधी एकेक माणूस बसवलेला. पहिल्या ओळीला 'मी'. दुसरीला 'पोर'. चौथीला 'मी आणि पोर'. पाचवीला 'मुलगा-सून'. सहावीला काय असेल? 'म्हशी'. म्हशी खातात, म्हशी येतात, म्हशी बोलतात. आणि तिसरी ओळ प्रत्येक पानावर रिकामी. मी सगळी वही शोधली. म्हशींना जागा होती, मला नव्हती.

तसाच वही घेऊन भिंतीपलीकडं गेलो.

"मास्तर, खरं सांगा. ह्या तिसऱ्या ओळीत कोन व्हतं? तुमीच ना?"

मास्तर कॉफी गाळत होते. किटली खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भाऊ, नुसतं मी-तू म्हणून पाठ होत नाही, म्हणून मीच म्हटलं होतं, माणसं बसवा. तिसऱ्या ओळीत म्हटलं, भाऊंचं नाव लिहा. वहिनी म्हणाल्या, राहू द्या रिकामं, मला ठावं हाय कोण ते. आणि तिसरं म्हणताना तुमच्या दाराकडं हनुवटी करायच्या. तुम्ही एवढं आयुष्य काढलंत त्यांच्याबरोबर. तुमचं नाव घेतील का त्या?"

मी ओट्यावर बसलो. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं नाव, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. रेशनच्या दुकानात घेतलं नाही, दवाखान्यात घेतलं नाही. आणि मी म्हातारा ते वहीत शोधत होतो.

"मग मला सांगायचं न्हाई का?" मी ओरडलो.

"तुम्ही कधी विचारलंत?"

जळणं तिथं थांबलं असेल असं तुम्हाला वाटेल. थांबलं नाही. उलट वाढलं. ही माझ्यासाठी जागा धरून बसली होती, आणि ते इतके दिवस माहीत होतं कोणाला, तर ह्या इस्त्रीवाल्याला! पण त्या दिवशी मी ती कॉफी घेतली. कडू जहर होती.

दुसऱ्या दिवसापासून शिकायला बसलो. हुकूम देण्याचा भाग मला लगेच आला. ये, खा, बस, बोल. जन्मभर तेच बोललो होतो. त्यात 'मी'ची ओळ नसते. "असं का?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "स्वतःला कोण हुकूम देतं?" मी म्हणालो, "मी देतो की. रोज सकाळी उठ म्हनतो." मास्तर हसले, पण वहीत ओळ घालून दिली नाही. चुकलो की म्हणायचे, "चुकू द्या, थांबू नका." रविवारी फोन त्यांच्या ओट्यावर घ्यायला लागलो. फोन ते धरायचे, म्हणून माझी अख्खी मुंडी दिसायची. पोर पुन्हा खिदळायला लागली. दोन मिनिटांची वीस झाली. मधेच ती त्यांच्याशीच जास्त बोलली की मी म्हणायचो, "बास, आता माझी नात हाये ती."

आणि ती पावट्याची दुपार. तो शनिवार. दिवेलागणीला मास्तरांच्या छातीत कळ आली. जीपमधून जुन्नरला पोचेपर्यंत संपलं होतं. पुण्याहून पुतण्या आला आणि तिकडंच घेऊन गेला.

सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं. किटली बाहेर ओट्यावरच राहिलेली. मी म्हशींची धार काढली, दूध डेअरीला घातलं आणि आमच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. दुपारी फोन येणार होता, आणि धरायला कोणी नव्हतं. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बघितला. मुंडी अख्खी दिसत होती.

मग पान उघडलं. पहिल्या ओळीआधी लिहिलं, मी. दुसरीला पोर. चौथीला मी आणि पोर. पाचवीला मुलगा-सून. सहावी विसरलो नाही, म्हशी.

तिसऱ्या ओळीत त्या भाषेत तो आणि ती एकाच रूपात असतात. तो हसतो, ती हसते, दोन्हीला एकच, रीदे. म्हणजे इथंही मास्तर आणि ही एकाच ओळीत, आणि मी बाहेर. जळायचं तेवढं जळलो. मग ती ओळ तशीच रिकामी सोडली, हनुवटी कुलपाकडं केली आणि मोठ्यानं म्हणालो, "रीदे."