पुन्हा करून पाहायला लावणाऱ्या प्रज्ञामॅडम

प्रज्ञामॅडमची आणि माझी पहिली भेट परळच्या प्रयोगशाळेत, माझ्या मुलाखतीच्या दिवशी झाली. आमचं घर वरळीच्या कोळीवाड्यात. आई मासळी विकते. अंगाला म्हावऱ्याचा वास तर येत नसेल ना, या धास्तीनं मी खुर्ची जरा लांब ओढून बसले होते. मॅडमनी एका बाटलीचं झाकण क्षणभर उघडलं.

"कसला वास हा?"

"शिळ्या मासळीचा," मी चाचरत म्हणाले.

"प्युट्रेसिन म्हणतात याला. मुलं पुस्तकात वाचून येतात, तुला नाकानं माहीत आहे. सोमवारपासून ये."

प्युट्रेसिन हे पॉलिअमाइन नावाच्या रसायनांपैकी एक. ती आपल्या शरीरात असतात, जिवाणूंनाही थोडी लागतात. पण प्रमाणाबाहेर साठली की जिवाणूला मारक ठरतात. म्हणून काही जिवाणू ती मोडून पचवतात. ही मोडणीच रोखता आली, तर जुन्या औषधांना न जुमानणारे जंतूही मरतील का, या एका प्रश्नाला मॅडमनी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. वरळीच्या बीडीडी चाळीत, गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या मॅडमना सोपं काम निवडायची सवयच नव्हती.

माझ्या तिसऱ्या वर्षी आमच्या एका रेणूनं जिवाणू मारले. शोधनिबंध स्वीकारला गेला. त्याच सुमारास आईच्या हाताला माशाचा काटा लागला, जखम चिघळली, आणि इस्पितळात एकामागून एक औषधं निकामी ठरू लागली. मी मॅडमकडे धावले.

"आपला रेणू देता येणार नाही का?"

"नाही गं. ते अजून औषध नाही."

मी रागानं बोलले, "तुमची आई असती तर?" त्या दिवसापासून मॅडम रोज संध्याकाळी मऊ भाताचा डबा घेऊन इस्पितळात येत, आईला भरवत आणि मला घरी आंघोळीला पाठवत. तीन आठवड्यांनी एक वेगळं औषध लागू पडलं. आई वाचली.

कामावर परतल्यावर मी राहून गेलेली एक चाचणी केली. पॉलिअमाइन मुळीच नसलेल्या द्रावणातही आमच्या रेणूनं जिवाणू मारले. पुढे मानवी पेशीही मारल्या. म्हणजे मोडणी रोखणं वगैरे काही नव्हतं, ते नुसतं विष होतं, आणि ती चाचणी आधी करायला मीच विसरले होते. मी वही मॅडमपुढे ठेवली.

मॅडमनी दोनदा वाचलं. "बरं झालं, आपल्यालाच सापडलं," त्या म्हणाल्या. "बस. चहा घे. मग पुन्हा करून पाहू."

त्यांनी निबंध मागे घेतला. त्यासाठी लिहिलेल्या पत्रात माझं नाव नव्हतं. चूक त्यांनी स्वतःकडे घेतली. पुढची दोन वर्षं त्या माझ्या शेजारच्या टेबलाशी उभं राहून काम करत राहिल्या. आजचा आमचा रेणू पॉलिअमाइन असेल तिथेच जिवाणू मारतो, मानवी पेशींना धक्का लावत नाही. औषध व्हायला अजून बराच पल्ला आहे, हे त्याच आम्हाला बजावतात.

साठाव्या वर्षी मॅडम निवृत्त होत आहेत. मॅडम, तुमचे गुडघे दुखायचे थांबोत, झोप शांत लागो, आणि हे औषध एखाद्या रुग्णाला बरं करताना पाहण्याइतकं दीर्घ, निरोगी आयुष्य तुम्हाला मिळो. आईनंही एवढंच मागितलं आहे.