विंगेतला शालिग्राम

शालिग्राम पहाटे जळगाव जामोदच्या बाजारात वांगी नेऊन टाकायचा, दिवसभर मळ्यात राबायचा आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर नाटकाच्या तालमीला बसायचा. माणूस दमेल नाही तर काय होईल! महाराष्ट्र राज्य नवंकोरं होतं, पण गावचं नाटक जुनंच. पोशाख एकाच राजाचा, म्हणून दर जत्रेला तोच राजा. आणि दर जत्रेला शालिग्राम विंगेत, ग्यासबत्तीच्या उकाड्यात, प्रॉम्टर म्हणून उभा. इतक्या वर्षांत त्याने नाटक पाहिलं ते नटांच्या पाठीकडून. एकदा समोर बसून पाहावं, एवढीच बापड्याची हौस. पण त्याला सोडतो कोण?

मंडळीच तशी होती ना! शालिग्राम प्रत्येकाला त्याच्या भाषणांची नक्कल लिहून द्यायचा आणि जो तो घरी नेऊन ती सुधारायचा. कोणी सांगितलं होतं सुधारायला? मूळ नाटकात राजा जखमी होऊन येतो आणि राणी रडते. राजा होणाऱ्या महादेवरावांनी गेल्या साली आपल्या नकलेत झोकदार मरण घातलं. राणी होणाऱ्या इंद्रभानला रडणं जमेना, म्हणून त्याने आपल्या नकलेतून जखमच काढून टाकली. एकाने दुसऱ्याला सांगितलं नाही. झालं! राजा मरून पडला आणि राणी ओवाळणीचं ताट घेऊन आली, "उठा महाराज, घोडा तयार आहे." शालिग्राम विंगेतून हातवारे करून थकला. शेवटी महादेवराव उठले.

शेजारच्या वरवट बकाल गावची माणसं अजून बाजारात विचारतात, "काऊन बे, उठला का तुमचा राजा?" आणि दोघं नट काय म्हणाले? प्रॉम्टरनं सांभाळून घ्यायले पाहिजे होतं म्हणे!

यंदा पहिल्याच तालमीला शालिग्रामने हात टेकले. "मले आता होत नाई. तुमी फाडा अन् म्या शिवावं, किती दिस?"

त्याने प्रत्येक भाषणाचं शेवटचं वाक्य लाल शाईने लिहिलं. ते ऐकूनच समोरचा आपलं भाषण सुरू करतो. मधात वाटेल ते घाला, लाल वाक्याला हात लावायचा नाही. आणि काही बदललं, तर त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर, प्रॉम्टरशिवाय म्हणून दाखवायचं. समोरचा अडला की नवं बाद, जुनं कायम.

"अन् वाद झाला तं?" महादेवरावांनी विचारलं.

"वाद करायचाच नाई. अडलं का गेलं."

महादेवरावांचं मरण पहिल्याच संध्याकाळी गेलं. ते रुसून घरी बसले, मग पोशाख दुसऱ्याच्या अंगावर चढेल या धास्तीने गुपचूप परत आले. हळूहळू शालिग्रामला कोणी काही विचारेनासं झालं. अडलं की आपसातच "गेलं, गेलं" म्हणायचे.

जत्रेला शालिग्राम धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला. विंगेत कोणी नव्हतं. महादेवरावांनी सुरुवातीलाच भलंमोठं नवं भाषण ठोकलं. शालिग्राम सतरंजीवरून अर्धा उठलाच. पण स्वारी बरोब्बर लाल वाक्यावर येऊन थांबली आणि इंद्रभानने तिथून अलगद पुढे नेलं. "वा रे पठ्ठे!" शालिग्रामने मांडीवर थाप मारली. त्याचं अंग एकदम सैल पडलं.

आणि तो झोपला. मान छातीवर टाकून, साऱ्या गावासमोर, बसल्या जागी गाढ झोपला. राणी रडली, लढाई झाली, टाळ्या पडल्या. कोणाचं काही अडलं नाही, म्हणून त्याला कोणी उठवलंही नाही.

उजाडल्यावर त्याची बायको सत्यभामाबाई चुलीपुढे चहा गाळत होती. तिने बायकांत बसून सगळं नाटक पाहिलं होतं.

"कसं झालं वं?" त्याने खालमानेने विचारलं.

"तुमी तं समोरच होते!"

"झोपलो ना म्या. जल्माची हौस, अन् तिथंच डोळा लागला."

ती हसणार होती, पण हसली नाही. कपबशी त्याच्यापुढे सरकवून ती पदर खोचून समोर बसली. "आयका मंग. राजा आला लढाईहून, आंगभर रक्त..."

शालिग्रामला अक्षर न् अक्षर पाठ होतं. तरी तो चहा तसाच ठेवून पुढे सरकला.

"मंग? राणी काय म्हणाली?"