बोडीचं पाणी

दारात नळ आला तरी नातीला आंघोळीला मी बोडीवरच नेत असे. धानाच्या बांधीजवळची ही लहान तळी माझ्या बापाने खोदलेली. म्हशीही तिथंच बसायच्या. सून नळाचं म्हणायची, पण त्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून मी ऐकलं नाही.

नात पाच वर्षांची. श्रावणात एक दिवस सून दाराआडून बोलली. पोरीच्या चड्डीला रक्त लागून राहिलं होतं. ती पडली नव्हती, कुठं खरचटलंही नव्हतं. मुलगा माझा कामाला बाहेरगावी, म्हणून तिला सासऱ्याला सांगावं लागलं. तिची मान वर होत नव्हती. मीही जमिनीकडे बघत म्हणालो, उष्णता असेल, सब्जा भिजवून दे. दुसऱ्या दिवशी पोरगी पिवळी दिसायला लागली, तेव्हा आरमोरीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं. मार लागला का, जंत आहेत का, खेळता खेळता काही खडा-बी आत गेलं का. मग आवाज खाली करून विचारलं, घरात पुरुष कोण कोण?

घरात पुरुष मी एकटा. मी उठलोच.

"मले काऊन असं विचारून राह्यल्या तुम्ही?"

"सगळ्यांनाच विचारते, आबाजी. नाही विचारलं तर पोरीचंच नुकसान. जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. थोड्या वेळाने बाईंनी दारात येऊन विचारलं, पोरगी आंघोळीला कुठं जाते? सून मागं उभी होती. माझं नाव तिला घ्यायचं नव्हतं.

"बोडीवर," मी म्हणालो. "मीच नेतो."

मग बाईंनी मिठाच्या पाण्याने आतून धुतलं आणि जळू निघाली. जळू सुटली तरी रक्त थोडा वेळ येतं, घाबरू नका, म्हणाल्या. तिथं आणखी पोरी उतरत असतील तर त्यांच्या आयांना सांगा.

"सून सांगल," मी म्हणालो.

"बोडी कोणाची?"

संध्याकाळी मी दारोदार गेलो. पोरींना बोडीत उतरवू नका, जळवा आहेत, एवढंच सांगत होतो. शेजारची म्हातारी हसली.

"जळवा तं पहिलेपासून हायेत, भाऊ. आजच काऊन भेव लागलं तुले?"

तिच्या दोन्ही नाती अंगणात खेळत होत्या. मग उरलेलंही सांगावं लागलं. तिच्या उंबरठ्याकडे बघत सांगितलं.