एक कॉलम फोटो आणि पत्र्याचा डबा

ती बाई तिसऱ्यांदा आली तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो. मुकुटबनहून सकाळच्या एस.टी.ने ती यवतमाळला यायची, आमच्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाचा जिना चढायची आणि माझ्या टेबलासमोर उभी राहायची. बसा म्हटलं तरी बसायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या सोळा वर्षांच्या मुलीवर वीज पडली होती. दिवाळीनंतरचे दिवस होते. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने कापूस वेचत असताना पाऊस आला आणि बायका झाडाखाली गेल्या. बाकीच्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि बातमीसाठी मुलीचा फोटो मागून आणला. घरात तो एकच फोटो होता. बाई तोच परत मागत होती.

पहिल्या खेपेला मी तिला सांगितलं होतं की फोटो बसने पाठवला, वाटेत गहाळ झाला असेल. हे खोटं होतं.

तालुक्यांच्या वार्ताहरांचा मजकूर तेव्हा पाकिटातून यायचा. पाकीट एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं आणि यवतमाळच्या स्टँडवर आमच्या माणसाने ते उतरवून घ्यायचं, अशी रीत होती. फोटो परत जायचे तेही याच वाटेने, असं आम्ही घरोघरी सांगत असू. प्रत्यक्षात छापून झालेला फोटो मजकुराच्या कागदाला टाचून तारेच्या आकड्यात अडकवला जायचा आणि तार भरली की सगळा गठ्ठा रद्दीत जायचा. कोणी हे ठरवून केलं नव्हतं. फोटो परत पाठवणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

या तिसऱ्या खेपेला तिने विचारलं नाही, सांगितलं. वणीच्या, पांढरकवड्याच्या, यवतमाळच्या, गावात थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला ती दोन वर्षं विचारत होती. एकाने तिला सीटखाली बघू दिलं होतं.

"मले आता तिचं तोंड याद येऊन नाही राह्यलं, भाऊ," ती म्हणाली. "आवाज येते. तोंड नाही येत."

मी तिला पंधरा दिवस मागितले. फोटो कॉम्प्युटरमध्ये असू शकतो, एवढंच सांगितलं. ड्रायव्हरांबद्दल काही बोललो नाही.

ती वर्षं कशी होती हे सांगायला हवं. कापसाचं जे झालं होतं त्यामुळे जिल्ह्यात एका प्रकारच्या मरणाची बातमी रोज व्हायची. बाहेरचे पत्रकार गाड्या करून यायचे आणि त्याच एका मरणाबद्दल विचारायचे. आमच्या पानावरही अलिखित नियम ठरला होता. आत्महत्या असेल तर फोटो दोन कॉलम. साप, वीज, विहीर, फवारणीतली विषबाधा यांना एक कॉलम, जागा असेल तर. ही मुलगी कापूस वेचतानाच मेली होती, पण ती त्या यादीत बसत नव्हती. तिला एक कॉलम मिळाला. बातमी मीच लिहिली होती.

फोटो स्कॅन व्हायचे ते ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर. वर्षभरापूर्वी ऑफिसात नवी यंत्रं आली तेव्हा जुनी भंगारात निघाली. मला त्या वस्तूंचा नाद होता. घरातल्या एका खोलीत मी दोन जुने कॉम्प्युटर वायरने एकमेकांना जोडून ठेवले होते. बायको त्या खोलीला प्रयोगशाळा म्हणायची आणि पाहुणे आले की दार ओढून घ्यायची. भंगारातून मी ऑपरेटरच्या यंत्राची हार्ड डिस्क काढून आणली होती. ती माझ्या कॉम्प्युटरच्या आत जोडली की कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही. बाहेरून जोडली तर वाचता येण्याची शक्यता होती.

त्यासाठी लागणारा डबा बाजारात तयार मिळायचा, पण तो परवडणारा नव्हता. नागपूरहून मी फक्त आतली सर्किटची पट्टी मागवली. तिच्या एका टोकाला डिस्क जोडायची, दुसऱ्या टोकाची वायर कॉम्प्युटरला. वीज द्यायला भंगारातलाच एक पॉवर सप्लाय घेतला. त्याची हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली की तो एकटाही चालतो. सगळं टेबलावर उघडं मांडूनही काम झालं असतं. पण आमचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या मागे होतं. हंगामात रुईचे तंतू खिडकीतून आत येत आणि भाताच्या ताटापासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळीकडे बसत. कॉम्प्युटरचे दोन पंखे मी त्यापायीच गमावले होते. डिस्क आधीच जुनी होती आणि तिच्यातलं दुसरीकडे कुठेच नव्हतं. डबा हवाच होता.

बाजारामागच्या गल्लीत धान्याच्या कोठ्या आणि डबे करणारे एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी मापाचा कागद दिला. त्यांनी डिस्क हातात तोलली आणि यात काय ठेवतात ते विचारलं. फोटो, मी म्हणालो. कोणाचे? पेपरात आलेल्यांचे, बरेचसे आता नसलेल्यांचे. त्यांनी मान हलवली आणि तेलाच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापायला घेतला.

डबा त्यांनी कोठीच्या रिवाजाने केला. कोठीची परीक्षा एकच असते, आत किडा जाता कामा नये. कडा दुमडून ठोकलेल्या, झाकण बसवलं की नखही जाणार नाही असं. रुईच्या दृष्टीने ते मला उत्तम वाटलं. डिस्क पत्र्याला टेकू नये म्हणून मी आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आणि एका सुटीच्या सकाळी जोडणी केली. डिस्क फिरायला लागली. फोल्डरांची यादी दिसली. मी कॉपी सुरू केली आणि वीस मिनिटांत ती थांबली. डबा हाताला चटका बसावा इतका तापला होता. एप्रिल होता, आणि हवा जायला आम्ही दोघांनीही कुठे जागा ठेवली नव्हती.

डबा घेऊन मी परत गल्लीत गेलो. भोकं पाडून हवीत म्हटल्यावर चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मुर्द्यायचे फोटो हायेत म्हणता, मंग त्याईले हवा कायले पायजे?"

शेजारच्या दुकानातले दोघं हसले. चाचा हसले नाहीत. खिळा घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंना ओळीने भोकं पाडली, चाळणीसारखी. रुई जाऊ नये म्हणून मी आतून जुन्या मलमलीचा तुकडा लावला. त्यानंतर डिस्क चालली, पण वाचताना मधूनच खरखर आवाज करायची. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून, थांबवत, गार करत, चार दिवसांत मी हाती येईल तेवढं काढून घेतलं.

फायलींना तारीख आणि गावाचं नाव द्यायची पद्धत होती. मुकुटबनची फाइल सापडली आणि उघडलीही.

मूळ फोटो मला आठवत होता. वणीच्या जत्रेत काढलेला, मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि हंस. मुलगी उभी, शेजारी आई, आईचा हात मुलीच्या खांद्यावर. फाइलमध्ये फक्त चेहरा आणि खांद्याचा काठ होता, काळापांढरा, काडेपेटीएवढा. एका कॉलमच्या मापाचा. ऑपरेटर फोटो स्कॅन करायचा, मापात कापायचा आणि त्याच नावावर पुन्हा सेव्ह करायचा. डिस्क लहान, रोजचे फोटो पुष्कळ. पूर्ण फोटो ठेवायची गरज आहे असं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. फोटो किती कापायचा ते त्याच्या खोलीच्या खिडकीपलीकडून बोटांनी दाखवणारा मीच असायचो.

स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करून पाहिला. पोस्टकार्डापुढे गेला की नुसते ठिपके दिसत होते. मी पोस्टकार्डाएवढा घेतला आणि पाकीट ड्रायव्हरच्या हाती न देता स्वतः मुकुटबनला गेलो.

बाई अंगणात तुरी पाखडत होती. मी आधी सांगायचं ते सांगितलं. फोटो बसने कधी निघालाच नव्हता. तो ऑफिसातून रद्दीत गेला. मी तेव्हा खोटं बोललो होतो. तिने सूप खाली ठेवलं.

"मंग मी कायले इचारत होती त्या ड्रायव्हरायले?"

मी फोटो पुढे केला. तिने हात लुगड्याला पुसले आणि दोन्ही हातांनी तो धरला. मग फोटोच्या डाव्या कडेला नख टेकवलं. मुलीच्या खांद्यावर, कापलेल्या रेषेला लागून, तीन पांढुरके ठिपके होते. मी ते स्कॅनमधला दोष समजलो होतो.

"हे माहे बोटं हायेत," ती म्हणाली.

तिने चहा विचारला नाही. मी निघालो तेव्हा ती फोटो घेऊन घरात गेली होती आणि तुरी अंगणातच होत्या.

परतीच्या गाडीत ड्रायव्हरने मला ओळखलं. आमची पाकिटं तो बरीच वर्षं नेत होता. गाव मागे पडल्यावर त्याने आरशातून विचारलं, "पेपरवाले भाऊ, त्या बाईचा फोटो सापडला काय हो?"

मी हो म्हणालो.

"सारे पाहून राह्यलो होतो आम्ही. डेपोतबी सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "कोणत्या गाडीत होता?"

गाडीत नव्हता, मी म्हणालो.