ओल्या फडक्यातला मोगरा

चैत्रात कुंपणालगतचा मोगरा कळ्यांनी बहरला आणि माझी झोप उडाली. सकाळी पाहावं तर उमललेली सगळी फुलं गायब. देवासाठी तोडलेल्या फुलांना चोरी म्हणत नाहीत, असं मानणारी माणसं आमच्या गल्लीत कमी नाहीत. माझा संशय शेजारच्या कुसुमकाकूंवर. पहाटे परडी घेऊन फिरणारी बाई मोगरा दिसल्यावर नुसती पुढे जाईल?

मग मी दिवेलागणीआधीच टपोऱ्या कळ्या खुडायला लागले. ओल्या फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवल्या की रात्रीतून त्या तिथेच उमलतात. चोराच्या हाती काही लागत नाही. झाडावर उमललेलं एकही फूल मात्र यंदा मीही पाहिलेलं नाही. त्याचं वाईट वाटतं खरं, पण ऊन उतरलं की हात पुन्हा कळ्यांकडे वळतो.

आज सकाळी काकू कुंपणाशी थांबल्या. "काय गं, यंदा तुझा मोगरा फुललाच नाही? मी रोज जाताना बघते."

रोज बघतात! मी आधी त्यांच्या परडीत डोकावले. आत त्यांच्याच दारची जास्वंद होती.

"नाही हो फुलला," मी म्हणाले, आणि माझ्या पाठीमागच्या उघड्या दारातून मोगऱ्याचा घमघमाट बाहेर आला.