रशीदचाचांचे तीन लाल ठिपके

चूक माझी होती आणि ती मी रशीदचाचांच्या नावावर घातली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिताना हात अडतो.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. गिरणी किती वीज ओढते हे मोजून तो आकडा मोबाइलवर दाखवणारी ट्रान्सड्यूसरची पेटी आम्ही बनवतो. डिझाइन माझं, आतली तांब्याची तीन वेटोळी वळायचे रशीदचाचा. आता ते भडगावला मुलीकडे असतात. वळताना ते फेरे मोजत आणि तेवढा वेळ कुणाशीही बोलत नसत. कुणी सलाम केला, तर जबाब नऊशेव्या फेऱ्यानंतर मिळे. तोवर सलाम करणारा चहा पिऊन निघून गेलेला असे. मी घाई केली की नंतर सावकाश म्हणत, "साहेब, गणित तुमचं, तार माझी. एकमेकांच्या घरात डोकवायचं नाही."

वीज ज्या बाजूने शिरायची, त्या बाजूला ते बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देत. एकदा चाची बाटली मागायला थेट कारखान्यात आल्या. "पेट्या नटल्या, मी मात्र भाचीच्या लग्नात तशीच जाऊन आले," म्हणाल्या. चाचा मोजत होते.

धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कापसाच्या गिरणीत, नवी पेटी दाखवायची होती. नेलपॉलिश काही बरं दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी मी तिन्ही वेटोळी बाहेर काढली आणि ठिपके थिनरने पुसले. दिशा लक्षात राहील अशी खात्री होती. तिन्ही परत बसवली, तिन्ही उलटी.

जिनिंगमध्ये आकडा शून्याच्या खाली गेला. मालक आबा चष्मा लावून मोबाइल बघत राहिले.

"साहेब, मनी जिनिंग वीज खास का देस?" माझी गिरणी वीज खाते की देते, असं ते अहिराणीत विचारत होते.

"आबा, तपासावं लागेल."

"तपासू नका. बठ्ठा गावले आपुनच वीज देसूत." साऱ्या गावाला वीज द्यायला आबा तयार होते.

परतल्यावर आमच्या कारखान्याच्या शेठनी मला आणि चाचांना केबिनमध्ये बोलावलं. मी पटकन म्हणालो, "वाइंडिंग उलटं झालंय." चाचांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "झालं असेल. वय झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते पॅकिंगला. एका खोक्यात एकच पेटी जायची. तरी चिकटपट्टी लावल्यावर ते झाकण पुन्हा उघडून ती मोजायचे. लोक हसायचे.

तीन आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसलो आणि हळूच सगळं सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"आळ घेतलात शेठच्या केबिनमध्ये, न् माफी मागता भाकरीसमोर? चला."

शेठ फोनवर होते. चाचांनी हातानेच 'ठेवा' अशी खूण केली आणि शेठनी खरंच ठेवला. मी म्हणालो, "ठिपके मी पुसले होते."

"मोठ्यानं," चाचा म्हणाले, आणि त्यांनी दार उघडं धरलं. "पॅकिंगपर्यंत जाऊ द्या."

मग मी मोठ्याने म्हणालो, "वेटोळी मी उलटी बसवली. चाचांचा हात चुकला नव्हता, मी खोटं बोललो. चाचा, मला माफ करा."