हॉर्नजवळची तार

“कावळा उडवला ती हीच का गाडी?”

आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये एका ट्रक ड्रायव्हरनं मिस्त्रीला हळूच विचारलं. मिस्त्री बॉनेटखाली वाकला होता. “हळू बोल की राव,” तो म्हणाला, “मालक हितंच हायेत.”

मालक म्हणजे पप्पा. ते चार पावलांवर उभे होते आणि त्यांना ऐकू गेलं होतं, हे त्यांच्या मानेवरून मला कळलं. मी गाडीच्या तोंडासमोर स्टुलावर बसले होते. मांडीवर पुस्तक होतं, कारण पुस्तक उघडं असलं की कोणी माझ्याशी बोलत नसे. तेव्हा मी नववीत होते.

गाडी माझ्या जन्माआधीची, काळी, गोल दिव्यांची. पप्पांनी ती एका निवृत्त साहेबांकडून घेतली होती आणि रविवारी घोडेगावच्या आमच्या अंगणात ते ती स्वतः पुसत. शेजाऱ्यापाजाऱ्यांची लग्नं, बाळंतपणं, दवाखाने, सगळ्याला ती जाई. तिचा हॉर्न मात्र महिनाभरापासून आपोआप वाजू लागला होता. खड्ड्यात चाक गेलं की वाजायचा आणि मग गप्प व्हायचा.

पाच दिवसांपूर्वी आत्याच्या यजमानांचा दहावा होता, शिनोलीला, नदीवर. आत्या पप्पांची धाकटी बहीण. तिचे यजमान चाळिशीतच गेले होते. पिंड ठेवून सगळे गप्प उभे होते. कावळा खाली उतरला, एक पाऊल पुढं आला, आणि त्याच वेळी आम्ही म्हाताऱ्या बायकांना घेऊन नदीच्या दगडी वाटेनं उतरत होतो. हॉर्न लागला तो थांबेचना. कावळा उडाला आणि दुपारपर्यंत परत आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “दादा, त्यांना तुझी गाडी कधी पटलीच न्हवती.” हे खरं होतं. ते गाडीची थट्टा करायचे. पण थट्टाच ती. त्या दिवसापासून आत्या पप्पांशी बोलत नव्हती. दोष सापडला तर निदान सांगता येईल, वायर खराब होती म्हणून, बाकी काही नाही, एवढ्यासाठी पप्पा गाडी आळेफाट्यापर्यंत घेऊन आले होते.

मिस्त्रीनं स्टिअरिंगवरचं बटण काढलं, घासलं, परत बसवलं. स्टिअरिंगच्या खांबातून खाली जाणारी वायर बोटानं चाचपली. “हितं तर सगळं झकास हाय,” तो म्हणाला. मग पुढं येऊन त्यानं बंपर हलवला. हॉर्न वाजला. पुन्हा हलवला, पुन्हा वाजला. तो जाळीपाशी वाकला, हात आत घालणार तोच थबकला.

जाळीला लिंबू-मिरची होती.

“ही शनवारची दिसतीया,” तो म्हणाला.

“पोरगी बांधते दर शनिवारी,” पप्पा म्हणाले. “हात नको लावायला.”

“मी कशाला लावतोय भाऊ. उगाच डोक्याला ताप.” आणि तो जाळीला वळसा घालून पुन्हा वरून, बॉनेटमधून शोधायला लागला.

दुसऱ्याच्या गाडीची लिंबू-मिरची आमच्याकडं कोणी सोडत नाही. ती पुढच्या शनिवारी घरच्यांनीच बदलायची. त्यामुळं त्या जाळीमागं काय आहे, ते समोरून फक्त मला दिसत होतं. बाजारातल्या लिंबाचा दोरा दोन दिवसांत तुटायचा, म्हणून महिन्यापूर्वी मी तो काढून तांब्याची तार लावली होती. शाळेत इलेक्ट्रिक बेलचा प्रोजेक्ट केला होता, त्यातली उरलेली. ती आतल्या पट्टीला घट्ट गुंडाळून टोक तसंच सोडलं होतं. आता मिस्त्रीनं बंपरला धक्का दिला की ते टोक हॉर्नच्या स्क्रूला टेकत होतं. बारीकशी ठिणगी उडे आणि हॉर्न वाजे. प्रोजेक्टमध्ये बटण दाबल्यावर होतं, तेच.

मी पुस्तकाचं पान उलटलं.

लाजाळू होते, एवढ्या पुरुषांत बोलायचं कसं, सर्किटचे शब्द मराठीत येत नव्हते, ही सगळी कारणं मी पुढं स्वतःला दिली. खरं कारण सोपं होतं. बोलले असते तर कावळा मी उडवला असता.

तासाभरानं मिस्त्रीनं हॉर्नची वायरच सोडून दिली. “घरापर्यंत जावा असंच. पण भाऊ, जुनी गाडी हाय, तिचं तिलाच ठावं.” पप्पा परतताना प्रत्येक वळणावर खिडकीतून हात काढून दारावर थापा मारत होते. मी मागच्या सीटवर होते. घरी पोचल्यावर ते अंघोळीला गेले, आणि मी तार सोडून परसातल्या राखेत पुरली.

पंधरा दिवसांत त्यांनी गाडी नारायणगावच्या एकाला देऊन टाकली. पुढं कधीतरी तो भेटला तेव्हा म्हणाला, वायर जोडली, हॉर्न एकदम ठणठणीत आहे. पप्पांनी हे जेवताना सांगितलं. “माझ्याकडंच का वाजायचा मग?” ते म्हणाले. मी आमटी वाढून घेतली.

आत्या नंतर बोलायला लागली, पण मोजकं. पप्पा शिनोलीला जायचे ते कोणी सोबत असेल तरच. मी पुण्याला शिकले, नोकरीला लागले. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

मग आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मी सुट्टी काढून चार दिवस आधी गेले. ओट्यावर आत्या आणि तिची जाऊ तांदूळ निवडत होत्या. मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं. “मला सख्खा मामा एकच,” असं आत्याची पोरगी लहानपणापासून सांगायची.

“चुलतमामाला सांगितलंय म्या,” आत्या जावेला म्हणाली. “दादा बसंल पावण्यांत. माझा भाऊच हाय, पर शुभकार्याला मनात किंतु नको.” मग माझ्याकडं वळून, जरा ओशाळून, “तू नको सांगूस त्याला. म्या सांगते गोडीनं.”

सुपातला खडा मी वेचला, बाजूला ठेवला. जाऊ आत पाणी आणायला उठली होती. मी तिची परत यायची वाट बघितली, कारण एकट्या आत्याला सांगितलं असतं तर तेही अर्धंच झालं असतं.

“आत्या, मांडवात पप्पांनाच उभं कर,” मी म्हणाले. “गाडीच्या लिंबाची तार मी बांधली होती. ती हॉर्नला लागत होती. मला गॅरेजमध्येच दिसलं होतं, आणि मी बोलले नाही.”